दोन पूल आणि एक राजीनामा

चरित्र लिहिण्याची एक ठरलेली वाट असते. जन्म, बालपणीची गरिबी, शिक्षण, त्याग, मानसन्मान आणि अखेर मृत्यू, असे मुक्काम घेत चरित्रकार पुढे जातो. लालबहादूर शास्त्री यांचे चरित्र आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात याच वाटेने वाचलेले आहे. मी ते आज थोड्या निराळ्या वाटेने, म्हणजे रेल्वेच्या रुळांवरून, सांगणार आहे. याला कारण आहे. शास्त्रीजींच्या ज्या एका कृतीची आठवण आजही लोक काढतात, ती दोन पूल कोसळल्यामुळे घडली. आणि त्यांतील पहिला पूल आपल्या हैदराबादपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर होता.

हैदराबादच्या मराठी आणि कन्नड माणसाला रुळांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आमची वडीलधारी मंडळी परभणी-नांदेडकडून काचीगुड्याच्या गाडीने या शहरात उतरली. आमचे कन्नड मित्र वाडी, गुलबर्गा, रायचूरकडून आले. वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला आणि मनमाडकडचा त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी. जात्यावरच्या ओव्यांतसुद्धा आगगाडी शिरली, ती माहेरच्या माणसांची वाट पाहणाऱ्या बाईच्या तोंडून. गाडी म्हणजे भेट, असे आपल्या लोकगीताने मानले. परंतु गाडी म्हणजे कधी कधी कायमची ताटातूटही असते. त्या ताटातुटीची गाणी लोक कशी करतात, आणि त्या गाण्यांत कोणाचे नाव राहते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. शास्त्रीजींच्या चरित्राकडे मी वळलो तो याच प्रश्नामुळे.

रेल्वे अपघातांवरची सर्वांत प्रसिद्ध लोकगीते अमेरिकेत झाली. ३० एप्रिल १९०० च्या पहाटे मिसिसिपी राज्यातील व्हॉन या लहान स्टेशनाजवळ एक प्रवासी गाडी उभ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यांवर आदळली. गाडी उशिराने निघाली होती आणि गेलेला वेळ भरून काढीत वेगाने धावत होती. ड्रायव्हरचे नाव जॉन ल्यूथर जोन्स; लोक त्याला केसी जोन्स म्हणत. त्याने आपल्या फायरमनला उडी मारायला लावली आणि स्वतः ब्रेक धरून बसला. गाडीचा वेग पुष्कळ कमी झाला, प्रवासी वाचले, आणि मेला तो एकटा केसी. वॉलेस साँडर्स नावाचा एक कृष्णवर्णीय कामगार त्याच रेल्वेत इंजिने पुसण्याचे काम करी. त्याने आपल्या या मित्रावर गाणे रचले. पुढे ते रंगमंचावर गेले, १९०९ मध्ये छापलेही गेले; पण छापील प्रतीवर नावे दुसऱ्यांची होती. तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर १९०३ रोजी, व्हर्जिनियातील डॅनव्हिल गावाजवळ ९७ क्रमांकाची टपालगाडी वळणावरच्या पुलावरून खाली कोसळली आणि ड्रायव्हरसह ११ माणसे गेली. ही गाडीही उशिराने धावत होती. टपाल वेळेवर पोचले नाही तर रेल्वे कंपनीला दंड भरावा लागे. या अपघाताच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका १९२४ मध्ये निघाली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या.

आपल्याकडेही अशी परंपरा नाही असे नाही. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली वैतरणा ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाली आणि सातशेहून अधिक माणसे समुद्राच्या पोटात गेली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला विजळी म्हणत. तिचा कप्तान हाजी कासम याचे नाव गुजराती लोकगीतांनी घरोघरी पोचवले.

या सर्व गाण्यांत एक गोष्ट समान आहे. गाणे नाव घेते ते ड्रायव्हरचे किंवा कप्तानाचे, म्हणजे जो अखेरच्या क्षणी चाकाशी होता त्याचे. गंमत अशी की चौकशीचा अहवालही त्याच माणसाचे नाव घेतो. केसी जोन्सच्या कंपनीने अपघाताचा सारा दोष केसीवरच ठेवला. डॅनव्हिलच्या अपघातातही वेगाचा ठपका मेलेल्या ड्रायव्हरवर बसला. गाण्याने त्याला वीर ठरवले आणि अहवालाने अपराधी. पण दोघांचीही नजर इंजिनाच्या पायरीपलीकडे गेली नाही. उशिरा निघालेली गाडी वेळेवर पोचलीच पाहिजे असे वेळापत्रक कोणी आखले, दंडाचा करार कोणी केला, त्या माणसांची नावे गाण्यातही आली नाहीत आणि अहवालातही नाहीत. एवढे मनात ठेवून आता शास्त्रीजींकडे येऊ.

लालबहादूर यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुगलसराय येथे झाला. मुगलसराय हे रेल्वेचे गाव. दिल्ली-कलकत्ता मार्गावरील हे मोठे जंक्शन, आणि गावाचे जीवनच गाड्यांच्या येण्याजाण्यावर चालणारे. वडील शारदाप्रसाद प्रथम शाळामास्तर होते, नंतर अलाहाबादला महसूल खात्यात कारकून झाले. मूल दीड वर्षाचे असतानाच ते वारले. आई रामदुलारीदेवी मुलांना घेऊन मुगलसरायला माहेरी आली आणि लालबहादूर आजोळच्या माणसांत वाढले. पुढे शिक्षणासाठी ते काशीला हरिश्चंद्र विद्यालयात गेले. जातिवाचक आडनाव त्यांनी लहानपणीच टाकून दिले.

१९२१ मध्ये महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी शाळा सोडली. परीक्षा तोंडावर आली होती. विधवा आईचा मुलगा, घरात मिळवते कोणी नाही, अशा वेळी परीक्षा सोडणे म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. नंतर ते काशी विद्यापीठात शिकले आणि १९२५ मध्ये शास्त्री ही पदवी त्यांना मिळाली. हीच पदवी पुढे त्यांचे आडनाव झाली. लाला लजपतराय यांनी स्थापन केलेल्या लोकसेवक मंडळाचे ते सदस्य झाले आणि मुजफ्फरनगरकडे दलितांच्या सेवेचे काम करू लागले. १९२८ मध्ये मिर्झापूरच्या ललितादेवींशी त्यांचा विवाह झाला. हुंडा म्हणून त्यांनी एक चरखा आणि थोडी खादी तेवढी घेतली. त्यानंतरच्या काळातील कित्येक वर्षे तुरुंगात गेली.

स्वातंत्र्यानंतर गोविंदवल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पोलीस आणि वाहतूक ही खाती आली. सरकारी बसगाड्यांवर स्त्रियांना कंडक्टर म्हणून नेमण्याची सुरुवात त्यांनी केली. मे १९५२ मध्ये ते केंद्रात रेल्वेमंत्री झाले. रेल्वेच्या गावी जन्मलेला मुलगा रेल्वेचा कारभारी झाला.

तो काळ रेल्वेच्या दृष्टीने मोठा कठीण होता. महायुद्धात इंजिने, डबे, रूळ अतोनात वापरले गेले होते. फाळणीने मार्ग तुटले होते. संस्थानांच्या आणि कंपन्यांच्या रेल्वे एकत्र करून नवे विभाग नुकतेच बनवले गेले होते. आपली निजाम स्टेट रेल्वेसुद्धा ५ नोव्हेंबर १९५१ पासून मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत विलीन झाली होती. शास्त्रीजींच्या कारकिर्दीत, २ ऑक्टोबर १९५५ रोजी, मद्रासजवळ पेरांबूर येथे डबे बांधण्याचा मोठा कारखाना सुरू झाला आणि तेथून पोलादी डबे बाहेर पडू लागले. जुने लाकडी डबे अपघातात काड्यांच्या पेटीसारखे चुरडत. पोलादी डब्यांमुळे प्रवासी वाचण्याची शक्यता वाढली. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालअपेष्टांकडेही त्यांचे लक्ष होते.

आणि मग १९५६ साल उजाडले. त्या वर्षी आपले हैदराबाद राज्य शेवटचे महिने मोजत होते. तेलुगू, मराठी आणि कन्नड ही तिन्ही भाषांची माणसे ज्या एका राज्यात पिढ्यान् पिढ्या राहिली, त्याचे १ नोव्हेंबर रोजी तीन भाग व्हायचे होते. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, गुलबर्गा-रायचूर-बीदर म्हैसूरमध्ये आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. वाटण्यांची ही बोलणी चालू असताना २ सप्टेंबर १९५६ रोजी जडचर्ला आणि महबूबनगर या स्टेशनांच्या दरम्यान एक पूल गाडीखाली कोसळला. शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. सिकंदराबादहून द्रोणाचलमकडे जाणारा तो मीटर गेजचा मार्ग. आज तेथे ब्रॉड गेज आहे आणि गाडी त्या ओढ्यांवरून झपाट्याने निघून जाते.

शास्त्रीजींनी पंतप्रधान पंडित नेहरूंकडे राजीनामा पाठवला. नेहरूंनी तो स्वीकारला नाही. शास्त्रीजी कामाला लागले.

पुरते तीन महिनेही झाले नाहीत. २३ नोव्हेंबरच्या पहाटे मद्रासहून तुतिकोरीनला जाणारी एक्सप्रेस अरियलूर आणि कल्लगम या स्टेशनांच्या दरम्यान आली. मुसळधार पावसाने मरुदैयार नदीला पूर आला होता. पुराच्या पाण्याने पूल खचला आणि इंजिनासह अनेक डबे नदीत गेले. मृतांची संख्या दीडशेच्या घरात होती. शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला, आणि या वेळी तो स्वीकारला जावा असा आग्रह धरला. नेहरूंनी तो स्वीकारला. या अपघाताला शास्त्रीजी स्वतः जबाबदार आहेत असे आपण मानत नाही, पण लोकशाहीच्या कारभारात औचित्याचा एक पायंडा पडावा म्हणून राजीनामा स्वीकारत आहोत, असे त्यांनी स्पष्ट केले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शास्त्रीजींनी रेल्वे मंत्रालय सोडले.

वर्गात मी हा प्रसंग सांगतो तेव्हा विद्यार्थी दोन शंका हमखास काढतात. पहिली अशी की, मंत्री काही पुलाचे बोल्ट आवळायला जात नाही, मग त्याचा दोष काय? दुसरी अशी की, राजीनाम्याने मेलेली माणसे परत येतात का? उलट जाणता मंत्री जातो आणि नव्या माणसाला सारे पहिल्यापासून शिकावे लागते. दोन्ही शंका चांगल्या आहेत आणि त्या टाळून शास्त्रीजींचे गुणगान करण्यात अर्थ नाही.

पहिल्या शंकेचे उत्तर पुलाच्या पायाशीच आहे. पूल एका रात्रीत पडला असे आपण म्हणतो, पण बहुधा तो आधीपासून पडत असतो. पुराचे पाणी खांबाच्या बुडाशी घुमते आणि तेथील माती खरवडून नेते. वर रूळ सरळ दिसतात, खाली आधार राहिलेला नसतो. कधी पूल टिकतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा भराव वाहून जातो आणि रूळ अधांतरी लोंबू लागतात. हे वेळेत कळावे म्हणून खांबावर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. पावसाळ्यात गँगमन रात्री कंदील घेऊन रुळांवरून गस्त घालतो. पाणी खुणेच्या वर गेले किंवा भराव खचलेला दिसला की लाल दिवा दाखवून गाडी अडवण्याचा त्याला अधिकार आहे. म्हणजे साखळीच्या अगदी खालच्या टोकाला भिजत चालणारा हा माणूस आहे. पण किती मैलांना किती गँगमन द्यायचे, कोणता जुना पूल या वर्षी नव्याने बांधायचा आणि कोणता पुढच्या वर्षावर ढकलायचा, पैसा नव्या गाड्यांवर घालायचा की जुन्या पुलांवर, हे तो ठरवत नाही. ते वर ठरते, आणि साखळीच्या वरच्या टोकाला मंत्री असतो. बोल्ट आवळणे हे त्याचे काम नव्हे; बोल्ट आवळणारा माणूस तेथे आहे की नाही हे पाहणे त्याचे काम आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी असे देतो. राजीनाम्याने पूल दुरुस्त होत नाही, हे अगदी खरे. पूल दुरुस्त होतो तो पाहणीने, पैशाने आणि चोख चौकशीने. चौकशीच्या बाबतीत आपल्या देशात एक चांगली व्यवस्था शास्त्रीजींच्याही आधीपासून आहे. अपघातांची चौकशी करणारे निरीक्षक १९४१ पासून रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढले गेले, आणि आज रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली काम करतात. ज्याच्या घरी चूक झाली त्याने स्वतःच स्वतःचा न्याय करू नये, हे त्यामागचे तत्त्व. परंतु चौकशी कितीही स्वतंत्र असली तरी वरची माणसे हात झटकून मोकळी होतात असे दिसले, की खालचा माणूस खरे बोलायला भितो. कोणता खांब खचला होता, कोणता अर्ज दप्तरात पडून राहिला, हे तो सांगत नाही, कारण सारे आपल्यावरच शेकणार हे त्याला ठाऊक असते. मंत्र्यानेच पुढे होऊन उत्तरदायित्व स्वीकारले तर ही भीती थोडी तरी कमी होते. शास्त्रीजींच्या राजीनाम्याचे मोल मला येथे दिसते. अपघाताच्या गाण्यात आणि अहवालात जे नाव कधी येत नाही, ते त्यांनी आपण होऊन त्यात घातले.

हेही सांगितले पाहिजे की हा पायंडा फार पाळला गेला नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये बंगालमधील गैसाल येथे दोन गाड्या समोरासमोर आदळून अडीचशेहून अधिक माणसे गेली तेव्हा रेल्वेमंत्री नितीश कुमार यांनी राजीनामा दिला. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

राजीनाम्याने शास्त्रीजींचे सार्वजनिक जीवन संपले नाही, हे आपण जाणतोच. १९५७ मध्ये ते अलाहाबादहून लोकसभेवर निवडून आले. वाहतूक आणि दळणवळण, मग वाणिज्य आणि उद्योग अशी खाती त्यांनी सांभाळली. १९६१ मध्ये ते गृहमंत्री झाले. त्यांच्याच वेळी भ्रष्टाचार रोखण्यासाठी संथानम समिती नेमली गेली. १९६३ मध्ये कामराज योजनेखाली त्यांनी पुन्हा पद सोडले. नेहरूंच्या निधनानंतर ९ जून १९६४ रोजी ते पंतप्रधान झाले. अन्नटंचाई आणि १९६५ चे युद्ध ही दोन संकटे त्यांच्या वाट्याला आली. सैनिक आणि शेतकरी यांचा एकत्र जयजयकार करणारी त्यांची घोषणा आजही पोरासोरांच्या तोंडी आहे. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे पाकिस्तानशी करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारखेच्या पहिल्या प्रहरात, त्यांचे निधन झाले. भारतरत्न हा किताब त्यांना मरणोत्तर मिळाला.

त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९६६ रोजी, सिकंदराबाद येथे मुख्यालय असलेली दक्षिण मध्य रेल्वे अस्तित्वात आली. तो दिवस गांधीजींच्या जयंतीचा, तसाच शास्त्रीजींच्याही. जडचर्ल्याचा तो पूल पडला तेव्हा त्या मार्गाचा कारभार मुंबईहून चाले. आता तो आपल्या शहरातून चालू लागला.

परंतु कथा येथे संपवली तर ती फार गोड होईल. २९ ऑक्टोबर २००५ रोजी रेपल्लेहून सिकंदराबादकडे येणारी डेल्टा फास्ट पॅसेंजर वलिगोंडा गावाजवळ आली. मुसळधार पावसाच्या पुराने तेथील लहान पूल वाहून नेला होता. शंभराहून अधिक प्रवासी गेले. महबूबनगरनंतर एकोणपन्नास वर्षांनी, हैदराबादच्या तितक्याच जवळ, पुन्हा पाऊस, पुन्हा पूल आणि पुन्हा पॅसेंजरने जाणारी साधी माणसे. तेलंगणात एकाखाली एक असे जुने तलाव आहेत. वरचा फुटला की खालचा भरून वाहतो आणि ते पाणी रुळांच्या भरावावर येऊन धडकते. अशा धोक्याच्या तलावांची यादी रेल्वे ठेवते आणि पावसाळ्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांसह त्यांची पाहणी करण्याची रीत आहे. यादी ठेवणे सोपे. दर वर्षी चिखलातून चालत जाऊन बांध पाहणे कठीण, आणि माणसे वाचतात ती त्या चालण्याने.

महबूबनगरकडून आमच्या महाविद्यालयात शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी त्या अपघाताबद्दल विचारतो. आपल्याकडे मराठीत पोवाडा आहे, कन्नडमध्ये गीगी पदे आणि लावणी, तेलुगूत बुर्रकथा. आपत्तीची कथा सांगायला साधने थोडी नाहीत. पण ही मुले गाणे म्हणत नाहीत, ती एक गोष्ट सांगतात: पूल पडला आणि दिल्लीतल्या मंत्र्याने राजीनामा दिला. मला वाटते, हेच आपले लोकगीत. अमेरिकेच्या गाण्याने ब्रेक धरून बसलेल्या ड्रायव्हरची आठवण ठेवली, आपल्या गोष्टीने राजीनामा देणाऱ्या मंत्र्याची. दोन्हींत एक उणीव मात्र सारखीच आहे. त्या पहाटे डब्यात झोपलेल्या माणसांची नावे दोन्हीकडे नाहीत.

आमच्या या विद्यार्थ्यांतून उद्या कोणी इंजिनिअर होईल, कोणी कलेक्टर कचेरीत बसेल, कोणी निवडून येऊन मंत्रीही होईल. शास्त्रीजींसारखा राजीनामा देण्याचा प्रसंग त्यांच्यावर न येवो. पण ज्या कागदावर एखाद्या पुलाच्या, बांधाच्या किंवा इमारतीच्या तपासणीची सही आपण करू, तो कागद सही करण्यापूर्वी वाचावा आणि शक्य असेल तर ती जागा स्वतः जाऊन पाहावी. काही बिघडलेच, तर खालच्या माणसाचे नाव पुढे करण्याआधी आपले नाव सांगावे. मुगलसरायच्या त्या लहानखुऱ्या माणसाच्या चरित्रातून मी एवढेच घेतले आहे, आणि महाविद्यालयातून बाहेर पडताना तुम्हीही एवढे घेतलेत तर पुष्कळ झाले.